आंब्याचा हंगाम सुरू होण्याआधी कामाची पद्धत सुधारायची आहे. सुरुवात कुठून करावी?

मिरजोळेकर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार.

रत्नागिरीत आमचा आठ जणांचा गट आंबा बागायतदारांसाठी हिशेबाचे सॉफ्टवेअर तयार करतो. बागायतदार मोबाइलवर तोडणीची नोंद करतो, प्रतवारीनुसार चार, पाच किंवा सहा डझनी पेट्या किती भरल्या ते टाकतो आणि गाडी वाशीच्या बाजारात गेल्यावर दलालाकडून आलेली पट्टी (विक्रीचा हिशेब) त्यात चढवतो; मग हमाली, तोलाई, गाडीभाडे वजा जाता हातात काय उरले हे त्याला पाहता येते. ऐकायला हे सोपे वाटते, परंतु प्रत्येक दलालाची पट्टी वेगळी, प्रत्येक बागेची प्रतवारी वेगळी, आणि बागायतदाराला हिशेबात एका रुपयाचाही फरक खपत नाही.

साधनांची आमच्याकडे वानवा नाही. कोड गिटमध्ये (प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) आहे, कामांच्या नोंदींसाठी ऑनलाइन बोर्ड आहे, रोज सकाळी बैठकही होते. तरीही एखादी मागणी आल्यापासून ती बागायतदाराच्या मोबाइलवर पोहोचेपर्यंत महिना-दीड महिना सहज जातो. प्रत्येक जण आपापल्या ब्रांचवर (कोडच्या स्वतंत्र शाखेवर) काम करतो, त्या ब्रांच कित्येक आठवडे वेगळ्या राहतात, आणि रिलीजच्या, म्हणजे नवी आवृत्ती देण्याच्या, आधी त्या एकत्र करताना सगळ्यांची झोप उडते. चाचणी एकच सहकारी हाताने करतात. सर्व्हरवर नवी आवृत्ती चढवण्याचे काम एकाच ज्येष्ठ सहकाऱ्याला नीट माहीत आहे. परिणामी एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे लोकांना सुधारणांची सर्वाधिक गरज असते तेव्हाच, काहीही बदलायला आमच्यातले कोणी धजावत नाही.

आता हंगामाला काही महिने आहेत आणि थोडे पैसेही बाजूला काढता येतील. मालकांसमोर तीन प्रस्ताव आहेत: प्रकल्प व्यवस्थापनाचे एक महागडे नवे साधन घेणे, सर्वांना कोड लिहून देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्यकाची वर्गणी भरणे, किंवा फेब्रुवारीत दोन नवे प्रोग्रामर नेमणे. यांपैकी एकच परवडेल. गटातील निम्मे लोक गावातील घरूनच काम करतात आणि पावसाळ्यात वीज गेली की नेटही जाते, याचाही विचार व्हावा. कोणता प्रस्ताव उचलावा, की आणखी काही वेगळे करावे?

---

खाडीपलीकडे (प्रतिसाद)

तिन्ही प्रस्ताव काही आठवडे बाजूला ठेवावेत, असे मला वाटते. आपल्या वर्णनात कोड लिहायला वेळ लागतो असे कुठेही म्हटलेले नाही. वेळ जातो तो लिहिलेला कोड पडून राहण्यात. तीनही प्रस्ताव मात्र कोड अधिक वेगाने लिहिला जावा किंवा कामांची नोंद अधिक सुबक दिसावी, यासाठी आहेत.

पहिले काम अगदी बिनखर्चाचे आहे. गेल्या हंगामात पूर्ण झालेली वीसएक कामे बोर्डावरून निवडा आणि प्रत्येकापुढे तारखा लिहा: मागणी कधी आली, हातात कधी घेतली, कोड कधी लिहून झाला, दुसऱ्याने तो कधी तपासला, चाचणी कधी झाली, आणि बागायतदाराला कधी मिळाला. गिटमधील कमिटच्या (नोंदवलेल्या बदलांच्या) नोंदी आणि बोर्डावरील हालचाली यांतून बहुतेक तारखा सापडतील. माझा अंदाज असा की, प्रत्यक्ष काम चाललेले दिवस थोडे आणि कोणाची तरी वाट पाहण्याचे दिवस पुष्कळ, असे चित्र दिसेल, आणि ती वाट मुख्यतः दोन ठिकाणी दिसेल: चाचणी करणाऱ्या एकट्या सहकाऱ्यांपाशी आणि रिलीजपाशी.

यामागचे गणित जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केले. रांगांच्या शास्त्रातील हा नियम सांगतो की, स्थिर चालणाऱ्या कोणत्याही व्यवस्थेत हाती असलेल्या कामांची सरासरी संख्या म्हणजे काम पूर्ण होण्याचा वेग गुणिले एका कामाला लागणारा सरासरी काळ. आपल्या बोर्डावर ४२ कामे ‘चालू’ या रकान्यात असतील आणि आठवड्याला ६ कामे पूर्ण होत असतील, तर नव्याने त्यात टाकलेल्या कामाला सरासरी ७ आठवडे लागणारच. कोणी कितीही उशिरापर्यंत बसले तरी. तीच संख्या १८ वर आणली आणि वेग तोच राहिला, तर काळ ३ आठवड्यांवर येतो. टोयोटाच्या कारखान्यांत ताइची ओनो यांनी रुजवलेल्या कानबान पद्धतीचा गाभा हाच आहे. आपल्याकडे कानबान म्हटले की रंगीत चिठ्ठ्यांचा फळा डोळ्यांसमोर येतो, परंतु रकान्याच्या डोक्यावर लिहिलेली मर्यादा नसेल तर तो फळा केवळ कामांची यादी असतो.

तेव्हा ‘चाचणीच्या प्रतीक्षेत’ असा रकाना वेगळा करा आणि त्यात चारांहून अधिक कामे राहणार नाहीत, असा नियम घाला. रकाना भरला की प्रोग्रामरने नवे काम उचलायचे नाही. चाचणीला हातभार लावायचा. हा नियम पहिल्या पंधरवड्यात फार जाचेल. प्रोग्रामरला ‘मी रिकामा बसलो आहे’ असे वाटेल आणि मालकांनाही तसेच दिसेल, म्हणून त्यांना हे गणित आधीच समजावून ठेवावे लागेल.

फेब्रुवारीत माणसे नेमण्याबद्दल: उशीर झालेल्या प्रकल्पात माणसे वाढवली की उशीर आणखी वाढतो, हे फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ साली लिहून ठेवले आहे. नव्या माणसांना पट्टीचे प्रकार शिकवायला जुन्याच माणसांचा वेळ जाणार, आणि तोही मार्चच्या तोंडावर. नेमणूक करायचीच असेल तर ती आत्ता करा, आणि प्रोग्रामरऐवजी चाचणीची जाण असलेली व्यक्ती घ्या.

---

चाचणीघर (प्रतिसाद)

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, परंतु चाचणीचे काम आणखी एका व्यक्तीच्या हाती दिल्याने हा प्रश्न सुटेल, असे मला वाटत नाही. हाताने होणारी चाचणी प्रत्येक रिलीजला पहिल्यापासून करावी लागते. आठ जणांच्या गटात ती दोघांनी केली तरी दोघेही लवकरच थकतील.

आपल्याकडे एक ठेवा आहे, जो बहुतेक गटांकडे नसतो: गेल्या हंगामांतील प्रत्यक्ष पट्ट्या. बागायतदारांच्या परवानगीने वेगवेगळ्या दलालांच्या शंभरएक पट्ट्या गोळा करा, त्यांवरील नावे काढून टाका, आणि प्रत्येक पट्टीतील आकडे व शेवटची निव्वळ रक्कम एका फाइलमध्ये नोंदवा. मग असा एक छोटा प्रोग्राम लिहा की जो ते आकडे आपल्या हिशेबाच्या कोडला देईल आणि येणारे उत्तर कागदावरील रकमेशी जुळते का ते पाहील. जिथे जुळणार नाही तिथे दोनच शक्यता आहेत: आपला कोड चुकतो, किंवा दलालाने रक्कम पूर्ण रुपयात धरण्याचा नियम वेगळा लावला आहे. दोन्ही गोष्टी हंगामाआधी कळलेल्या बऱ्या. रक्कम दशांश अपूर्णांकांत साठवत असाल तर ती पैशांत, पूर्णांकात साठवा. संगणकाच्या द्विमान अपूर्णांकांत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही आणि आपण म्हणता तो रुपयाचा फरक बरेचदा इथूनच उगवतो.

दुसरा गट देवनागरीच्या चाचण्यांचा ठेवा, कारण परदेशी बनावटीच्या तयार चाचण्यांत हे कधीच सापडणार नाही. बागायतदाराने पेट्यांच्या रकान्यात ‘१२’ असे मराठी अंक टाकले तर काय होते ते आजच करून पाहा. पायथनचे ‘इंट’ हे फंक्शन ते अंक ओळखून बारा ही संख्या देते. जावास्क्रिप्टचे ‘नंबर’ मात्र ‘ही संख्याच नाही’ असे उत्तर देते. म्हणजे सर्व्हर पायथनमध्ये आणि मोबाइलवरील फॉर्म जावास्क्रिप्टमध्ये असेल तर एकाच नोंदीबद्दल दोघांचे मत वेगळे. तसेच ‘कऱ्हाडे’ हे आडनाव घ्या. त्यातील अर्धा र युनिकोडमध्ये किमान दोन प्रकारे टाइप होतो: एकात खास ‘ऱ’ हे अक्षर असते, तर दुसऱ्यात साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लागते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शोध मात्र एकालाच सापडतो. युनिकोडचे नेहमीचे प्रमाणीकरण या दोघांना एकत्र आणत नाही. तो नियम आपल्यालाच लिहावा लागतो.

या सर्व चाचण्या एकाच आज्ञेने, प्रत्येकाच्या लॅपटॉपवर, नेट नसतानाही चालल्या पाहिजेत, हा माझ्या मते आपल्या भागातील गटांसाठी सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली गिट बनवले तेव्हापासूनच संपूर्ण इतिहास प्रत्येकाच्या यंत्रावर राहतो. कमिट करणे, ब्रांच काढणे, जुने पाहणे यांसाठी नेट लागत नाही. चाचण्यांनाही तीच शिस्त लावली, तर वीज गेलेल्या दुपारी लॅपटॉपच्या बॅटरीवर काम पुढे सरकते आणि नेट आले की फक्त पाठवायचे उरते. नेटवरच्या (क्लाउड) यंत्रणेवर त्याच चाचण्या पुन्हा चालतीलच, परंतु चूक कळण्यासाठी तिची वाट पाहावी लागता कामा नये.

या एका आज्ञेचा आणखी एक फायदा आहे. चूक कोणत्या कमिटने आणली हे शोधण्यासाठी गिटमध्ये ‘बायसेक्ट’ ही सोय आहे. ती दरवेळी उरलेल्या कमिटचे दोन भाग करते, त्यामुळे हजार कमिटमधून दोषी कमिट सुमारे दहा तपासण्यांत सापडते, आणि चाचणी आपोआप चालणारी असेल तर त्या दहा तपासण्याही यंत्रच करते.

---

एकटा शिलेदार, मालवण (प्रतिसाद)

क्षमा असावी, परंतु आठ माणसांसाठी हे सगळे जरा जास्तच होत आहे. मी एकटाच पर्यटकांच्या न्याहारी-निवासांसाठी आरक्षणाचे सॉफ्टवेअर चालवतो. फळा नाही, बैठक नाही, मर्यादा नाहीत. ग्राहकाचा फोन येतो, मी बदल करतो, संध्याकाळपर्यंत तो चालू होतो. २००१ साली अमेरिकेतील स्नोबर्ड येथे सतरा जणांनी सॉफ्टवेअर बनवण्याच्या पद्धतीबद्दलचा ॲजाइल जाहीरनामा लिहिला, त्यातही प्रक्रिया आणि साधनांपेक्षा माणसे आणि त्यांचा संवाद मोलाचा, असेच पहिले सूत्र आहे. आपण मात्र प्रत्येक अडचणीवर आणखी एक प्रक्रिया सुचवत आहात.

---

खाडीपलीकडे (प्रतिसाद)

शिलेदारसाहेब, आपली पद्धत आपल्यासाठी योग्यच आहे, कारण मागणी ऐकणारा, लिहिणारा, तपासणारा आणि चढवणारा एकच असल्याने काम कोणाकडे पडून राहत नाही. आपण संध्याकाळपर्यंत बदल देऊ शकता, तेच या गटालाही साधावे एवढीच धडपड आहे. जाहीरनाम्यात डाव्या बाजूच्या गोष्टी (माणसे, संवाद) अधिक मोलाच्या म्हटल्या असल्या तरी उजव्या बाजूच्या गोष्टींनाही (प्रक्रिया, साधने) मोल आहे, असे लगेच पुढे लिहिले आहे. ते वाक्य बहुतेक वेळा गाळले जाते. आठ जणांत बोलण्याच्या जोड्या अठ्ठावीस होतात. त्या सर्व तोंडी सांभाळता येत नाहीत, विशेषतः निम्मे लोक संगमेश्वर, लांजा, राजापूर असे पांगलेले असतील तेव्हा.

---

मिरजोळेकर

सर्वांचे आभार. तारखांचा तक्ता करून पाहिला. चाचणीची प्रतीक्षा मोठी आहेच. परंतु त्याहून मोठी प्रतीक्षा त्यानंतरची निघाली. चाचणी झालेले काम पुढच्या रिलीजची वाट पाहत बसते आणि रिलीज लांबते, कारण ती करणाऱ्या एका सहकाऱ्यांना सवड मिळाली पाहिजे. त्यांच्याकडे वहीत लिहिलेल्या पायऱ्या आहेत आणि ते अत्यंत काळजीपूर्वक काम करतात, त्यामुळे त्यांच्यावर ठपका ठेवण्याचा प्रश्नच नाही. परंतु ही प्रतीक्षा कमी कशी करावी? बागायतदारांच्या मोबाइलवर जुन्या आवृत्त्या असतात, हीदेखील अडचण आहे; आत गावांत नेट इतके मंद असते की काही जण अख्खा हंगाम ॲप अद्ययावत करत नाहीत.

---

वाशिष्ठीकाठ (प्रतिसाद)

मी चिपळूणमध्ये सर्व्हर आणि डेटाबेस सांभाळण्याचे काम करतो, म्हणून याच भागाबद्दल लिहितो.

वहीतील पायऱ्या ही उत्तम सुरुवात आहे. त्या आता संगणकाला वाचता येतील अशा स्वरूपात आणल्या पाहिजेत. त्या सहकाऱ्यांच्या शेजारी दुसऱ्या एखाद्याने बसावे, एकेक पायरी स्क्रिप्टमध्ये उतरवावी आणि पुढची रिलीज त्या दुसऱ्याने करावी. वही लिहिणाऱ्यांनी फक्त पाहावे आणि जिथे सांगावे लागेल ती पायरी स्क्रिप्टमध्ये राहून गेली आहे, असे समजावे. त्यापुढची रिलीज तिसऱ्याने करावी.

हाताने चढवण्याचा धोका कसा असतो, याचे एक सार्वजनिक उदाहरण देतो. अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीने १ ऑगस्ट २०१२ रोजी नवा कोड चालू केला. तो आठ सर्व्हरवर चढवायचा होता, प्रत्यक्षात सातांवरच चढला. आठव्यावर कित्येक वर्षे न वापरलेला जुना कोड तसाच होता आणि नव्या कामासाठी नेमका त्याचाच जुना निदर्शक (कोडचा भाग चालू-बंद करणारी खूण) पुन्हा वापरला गेला होता. बाजार उघडला आणि सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचे ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. तेथील नियामक संस्थेच्या आदेशात नोंदवले आहे की, कोड चढवल्यावर दुसऱ्या कोणी तपासावे अशी लेखी पद्धतच नव्हती, आणि बाजार उघडण्याआधी यंत्रणेने कर्मचाऱ्यांना पाठवलेल्या ९७ ईमेलकडे कोणी इशारा म्हणून पाहिले नव्हते. आपली उलाढाल लहान असली तरी पाहण्यासारख्या गोष्टी त्याच आहेत: सर्व यंत्रांवर एकच आवृत्ती आहे का हे स्क्रिप्टने स्वतः तपासावे, मेलेला कोड ठेवून देऊ नये, आणि इशारे मोजके पण कोणीतरी खरोखर वाचेल असे असावेत.

जुन्या ॲपबद्दल. मोबाइल आणि सर्व्हर एकाच दिवशी बदलतील ही अपेक्षाच सोडून द्या आणि सर्व्हरने चालू हंगामातील सर्व ॲप आवृत्त्यांशी बोलायचे, असे ठरवून टाका. डेटाबेसमधील बदल दोन टप्प्यांत करा. समजा पेटीच्या नोंदीत ‘प्रत’ या एका रकान्याऐवजी ‘आकार’ आणि ‘दर्जा’ असे दोन रकाने हवे आहेत. आत्ता फक्त नवे रकाने जोडा, सर्व्हर काही काळ जुन्यात आणि नव्यात दोन्हीकडे लिहू दे, आणि जुना रकाना काढणे पावसाळ्यावर टाका. यात दुहेरी लिखाणाचा थोडा पसारा होतो, परंतु रिलीज मागे घ्यावी लागली तर ती काही मिनिटांत घेता येते, आणि धजावण्याचा जो प्रश्न आपण मांडला आहे त्याचे बरेचसे उत्तर इथेच आहे. नवी सोय सर्व्हरवर चढवून ती बंद ठेवणे आणि मग चार-पाच ओळखीच्या बागायतदारांसाठीच आधी चालू करणे हेही शक्य आहे; फक्त असे चालू-बंद करणारे निदर्शक हंगामानंतर काढून टाकावेत. त्यांचे काय होते ते वर आलेच आहे.

बॅकअपचा विषय कोणी काढला नाही, म्हणून मी काढतो. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले तेव्हा तळमजल्यावरच्या दुकानांत आणि कार्यालयांत संगणकांबरोबर त्यांच्या शेजारी ठेवलेल्या बॅकअपच्या डिस्कही पाण्यात गेल्या. बॅकअप वेगळ्या इमारतीत नव्हे, तर वेगळ्या शहरात असावा, हे तेव्हापासून इथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. परंतु बॅकअप परत आणून पाहण्याची सवय अजूनही फार थोड्यांना आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या गिटलॅब या कंपनीच्या एका अभियंत्याकडून मुख्य डेटाबेसची माहिती पुसली गेली, आणि मग लक्षात आले की, नेहमीचा बॅकअप पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या आवृत्त्यांचा मेळ नसल्यामुळे तयारच होत नव्हता आणि त्याबद्दलच्या सूचनांचे ईमेलही पोहोचत नव्हते. त्या अभियंत्याने सुमारे सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेली एक प्रत हाताशी होती, म्हणून नुकसान सहा तासांच्या माहितीवर थांबले. कंपनीने हा सगळा प्रकार स्वतःहून जगासमोर ठेवला, याचे कौतुक वाटते.

तेव्हा महिन्यातून एकदा बॅकअपवरून रिकाम्या यंत्रावर संपूर्ण व्यवस्था उभी करून पाहा आणि त्यावर चाचणीघर यांनी सुचवलेल्या पट्ट्यांच्या चाचण्या चालवा. त्याला किती वेळ लागतो तेही लिहून ठेवा, कारण निसर्ग किंवा तौक्तेसारखे चक्रीवादळ येते तेव्हा ‘किती वेळात चालू कराल’ हाच प्रश्न पहिला येतो. तौक्ते १६ मे २०२१ च्या सुमारास आपल्या किनाऱ्याजवळून गेले, म्हणजे हंगाम उरकलेलाही नव्हता.

---

चाचणीघर (प्रतिसाद)

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्यकाबद्दल अजून कोणी लिहिलेले नाही, म्हणून थोडक्यात.

२०२५ साली मेटर या संशोधन संस्थेने एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्वतःच्या परिचयाच्या मोठ्या मुक्त स्रोत (कोड सर्वांना खुला असलेल्या) प्रकल्पांवर काम करणाऱ्या १६ अनुभवी प्रोग्रामरना २४६ कामे देण्यात आली. काही कामांत साहाय्यक वापरण्याची मुभा होती, काहींत नव्हती. मुभा असलेल्या कामांना सरासरी १९ टक्के अधिक वेळ लागला, आणि गंमत म्हणजे आपण सुमारे २० टक्के अधिक वेगाने काम केले, असेच प्रोग्रामरना काम संपल्यावरही वाटत होते. हा निष्कर्ष त्या काळातील साधनांपुरता आणि तशा प्रकल्पांपुरता आहे. अनोळखी भाषेत छोटे काम करताना अनुभव वेगळा येऊ शकतो. परंतु ‘वेग वाढल्यासारखा वाटतो’ हा पुरावा धरू नये, एवढे त्यातून नक्की घ्यावे. आपल्याकडे तारखांचा तक्ता आता तयार आहेच, तेव्हा दोघांनी महिनाभर वापरून त्याच तक्त्यात फरक पाहावा.

वापर करायचाच असेल तर पट्टीच्या हिशेबाच्या चाचण्या वाढवण्यासाठी, जुना कोड समजून घेण्यासाठी आणि रिलीजच्या स्क्रिप्टचा पहिला मसुदा करण्यासाठी करावा. रिलीजपाशी रांग असताना साहाय्यकाने दुप्पट कोड लिहून दिला, तर वर सांगितलेल्या लिटल यांच्या नियमाप्रमाणे रांगच लांबेल. आणि बागायतदारांची नावे, फोन क्रमांक व रकमा बाहेरच्या साधनाला देऊ नयेत. २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यानंतर तर हा केवळ शिष्टाचाराचा विषय राहिलेला नाही.

---

मिरजोळेकर

मालकांशी बोलणे झाले. महागडे साधन आणि फेब्रुवारीतील भरती, दोन्ही रद्द. चाचणीची जाण असलेली एक व्यक्ती याच महिन्यात घेणार आहोत आणि उरलेल्या पैशांत दुसऱ्या शहरातील बॅकअपची सोय होईल. ब्रांच दोन दिवसांत मुख्य शाखेत मिसळायची असे ठरवले आहे, आणि रिलीज दर बुधवारी. एक शंका उरते: शिमगा बहुधा मार्चमध्ये येतो, तेव्हा पालखी घरोघर फिरत असताना गटातले निम्मे लोक गावी असतात, आणि नेमकी तेव्हाच पेट्यांची आवक वाढू लागते. त्या आठवड्यात आणि पुढे मे महिन्यात रिलीज बंदच ठेवावी काय?

---

वाशिष्ठीकाठ (प्रतिसाद)

शिमग्याच्या आठवड्यात बंद ठेवा, कारण काही बिघडले तर दुरुस्त करायला माणसे हवीत. गणपतीच्या दिवसांनाही हाच नियम लावा. एप्रिल-मेमध्ये मात्र बंद ठेवू नका. रिलीज थांबवली की बदल साचतात, साचलेली रिलीज मोठी होते आणि मोठी रिलीजच बिघडते. मग पुढच्या वर्षी भीती आणखी वाढते. त्या दोन महिन्यांत बुधवारची रिलीज चालू ठेवावी, परंतु डेटाबेसची रचना बदलणारे काहीही तीत घेऊ नये, आणि हिशेबाच्या कोडमधील बदल दोघांनी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. वेळ सकाळी अकराची ठेवा, म्हणजे काही बिघाड निघालाच तर तो लोक जागेवर असताना दिसेल आणि संध्याकाळी गाड्या भरण्याची घाई सुरू होण्याआधी जुनी आवृत्ती परत आणता येईल. बुधवारखेरीज तातडीची दुरुस्ती करावी लागली, तरी तीच स्क्रिप्ट आणि त्याच चाचण्या वापराव्यात. सवलत द्यायचीच तर एवढीच, की दुसऱ्या व्यक्तीची संमती फोनवर घेतलेली चालेल आणि तिची नोंद दुसऱ्या दिवशी बोर्डावर करावी.